महागडी सायकल आणि घराचा विमा : चोरीची भरपाई खरोखर मिळेल अशी पॉलिसी कशी शोधावी

इंदूरमध्ये दीड-दोन लाखांची सायकल आता नवलाची राहिलेली नाही. रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरवर, रालामंडलच्या रस्त्यावर किंवा सिमरोलमार्गे चोरलकडे जाणाऱ्यांत कार्बन फ्रेमच्या सायकली सहज दिसतात. किंमत मोटारसायकलीची किंवा तिच्याहून जास्त, पण आरसी नाही, नंबर प्लेट नाही, सक्तीचा विमाही नाही. वजन आठ-नऊ किलो, म्हणजे एका हाताने उचलून नेता येईल एवढं. अशी वस्तू घरात असताना ‘घराचा विमा काढलाय की’ म्हणून निर्धास्त राहू नका. सर्रास विकला जाणारा घराचा विमा साध्या चोरीचे पैसे देत नाही. देणारा विमा मिळतो, पण तो शोधावा लागतो आणि त्यात सायकलचं नाव लिहून घ्यावं लागतं.

आधी हातात असलेली पॉलिसी वाचा

गृहकर्ज घेताना बँकेने एखादी पॉलिसी काढून दिलेली असते. कपाटातून ती काढा आणि दोन गोष्टी बघा. पहिली, विमा फक्त इमारतीचा आहे की घरातल्या सामानाचाही? बँकेला काळजी कर्जाची, म्हणून बऱ्याचदा तो नुसत्या बांधकामाचाच असतो. दुसरी, पॉलिसीचं नाव ‘भारत गृह रक्षा’ आहे का?

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना घरासाठी ही एकसारखी प्रमाणित पॉलिसी विकायला लावली. आग, भूकंप, पूर, वादळ, दंगल यांसाठी ती उत्तम आहे. इमारतीचा विमा घेतला की सामानाचा विमा आपोआप मिळतो, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख. भाडेकरू असाल तर नुसत्या सामानाचाही घेता येतो. संरक्षणाच्या यादीत ‘चोरी’ हा शब्दही आहे. मात्र त्यापुढची अट वाचा : चोरी वर सांगितलेल्या एखाद्या आपत्तीमुळे आणि त्या घटनेपासून सात दिवसांच्या आत झालेली हवी. म्हणजे घराला आग लागली, दार तुटलं आणि त्या गोंधळात सायकल गेली तर पैसे मिळतील. मंगळवारी दुपारी कुणी कडीकोयंडा उचकटून सायकल नेली तर मिळणार नाहीत. एजंटने ‘चोरी कव्हर आहे’ म्हटलं तर तो खोटं बोलतोय असं नाही, यादीतला शब्द त्याने वाचलेला असतो. त्यापुढची ओळ तुम्ही वाचायची.

याच पॉलिसीत सामानाची व्याख्या करताना फर्निचर, टीव्ही, फ्रिज, कपडे अशी उदाहरणं दिली आहेत, सायकलचा उल्लेख त्यांत नाही. सायकल ‘घरगुती वापराची वस्तू’ म्हणून त्यात बसवता येते, पण दोन लाखांच्या वस्तूसाठी असा अर्थ लावत बसण्यापेक्षा परिशिष्टात, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या शेड्यूलमध्ये, तिचं नाव छापून घेतलेलं बरं.

घरफोडी वेगळी, चोरी वेगळी

बहुतेक दावे इथेच अडतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

विम्याच्या भाषेत बर्ग्लरी किंवा हाऊसब्रेकिंग म्हणजे जबरदस्तीने आत शिरून, किंवा आत शिरल्यावर जबरदस्तीने बाहेर पडून केलेली चोरी, आणि त्या जबरदस्तीची दिसणारी खूण हवी : तुटलेलं कुलूप, वाकलेली कडी, कापलेली जाळी. थेफ्ट म्हणजे नुसती चोरी. दार उघडं होतं, सायकल ओट्यावर होती, कुणी तरी उचलून नेली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका बर्ग्लरी पॉलिसीच्या खटल्यात स्पष्ट केलं की पॉलिसीत बळजबरीची अट असेल तर बळजबरी झाल्याशिवाय भरपाई देय होत नाही, कारण करारातले शब्द जसे आहेत तसेच वाचायचे असतात. त्यामुळे ‘बर्ग्लरी अ‍ॅड-ऑन (मूळ पॉलिसीला जोडलेला जादा विमा) घेतलाय’ एवढ्याने काम भागत नाही. त्यात ‘थेफ्ट’ वेगळी जोडून मिळते का, ते विचारा. काही कंपन्या थोडा जास्त प्रीमियम घेऊन ती जोडतात.

भिंत चढून गच्चीच्या उघड्या दारातून आत येणं याचा घोळ आणखी वेगळा आहे. भारतीय न्याय संहितेत असा आडवाटेने केलेला प्रवेशही गृहभेदनात, म्हणजे घरफोडीत मोडतो, त्यामुळे एफआयआरमध्ये घरफोडीचं कलम लागू शकतं. विमा कंपनी मात्र स्वतःच्या पॉलिसीतली व्याख्या बघते, आणि तिला तुटलेली वस्तू दिसली नाही तर ती हरकत घेते. उन्हाळ्यात गच्चीचं दार उघडं ठेवून झोपणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं.

आणखी एक अपवाद जवळजवळ प्रत्येक बर्ग्लरी विम्यात असतो. घरातलं माणूस किंवा घरी कामाला येणारी व्यक्ती चोरीत सामील असेल तर भरपाई नाही. पूर्णवेळ ड्रायव्हर किंवा माळी असेल आणि सायकल खालीच उभी राहत असेल, तर हा अपवाद हटवता येतो का ते विचारून घ्या.

सायकल नेमकी कुठे उभी असते

पॉलिसीवर पत्ता लिहिलेला असतो, पण विमा त्या पत्त्यावरच्या ‘इन्शुअर्ड प्रिमायसेस’चा, म्हणजे विम्यात धरलेल्या जागेचाच असतो, आणि त्याची हद्द तुम्हाला वाटते त्याहून लहान असू शकते. इंदूरची घरं डोळ्यांपुढे आणा.

मल्टीतल्या, म्हणजे बहुमजली इमारतीतल्या, फ्लॅटमध्ये दाराच्या आत, बेडरूममध्ये किंवा बंद बाल्कनीत सायकल असेल तर प्रश्न नाही. दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये असेल तर ती सामायिक जागा झाली. तळमजल्यावरच्या पार्किंगचंही तेच. तुमच्या नावावर पार्किंगची जागा असली तरी पॉलिसीत ती धरली आहे असं गृहीत धरू नका. मल्टीच्या रहिवासी संघाने इमारतीचा विमा काढलेला असेल, पण त्याचा तुमच्या सायकलशी काही संबंध नाही.

सुदामा नगर किंवा राजेंद्र नगरच्या बाजूच्या स्वतंत्र घरांत पुढे पोर्च आणि त्याला लोखंडी गेट असतं. गेटला कुलूप होतं आणि ते तोडलं, तर बळजबरी सिद्ध होऊ शकते. गेट नुसतं लोटलेलं असेल तर नाही. शिवाय पोर्च चारही बाजूंनी बंद आहे की अंगणासारखा उघडा, यावरही वाद होतो. काही पॉलिसींत उघड्या जागेतलं सामान सरळ वगळलेलं असतं. राजवाड्याच्या मागच्या जुन्या वाड्यांत चार बिऱ्हाडांचा एक दरवाजा असतो आणि सायकल जिन्याखाली असते. तिथे विमा कंपनीला जिन्याखालची जागा फोटोसह दाखवून लेखी मान्यता घेतल्याशिवाय पॉलिसी घेण्यात अर्थ नाही.

आणि घराबाहेर? छप्पन दुकानाच्या बाहेर टेकवून पोहे खायला गेलात आणि सायकल गेली, तर घराच्या विम्यातला बर्ग्लरी विभाग त्यात काहीही करू शकत नाही. ती जोखीम खाली सांगितलेल्या पेडल सायकल विभागातच बसू शकते.

तीन वाटा

पहिली वाट : भारत गृह रक्षा आणि तिच्यासोबत बर्ग्लरी-थेफ्टचा जोडविमा. सायकल बहुतांश वेळ घरात, कुलपाच्या आत असेल तर ही पुरते. इथे दोन आकडे विचारायचे. एक, ‘फर्स्ट लॉस’ मर्यादा आहे का? घरातलं सगळं सामान एकाच वेळी चोरीला जात नाही या हिशेबाने कंपनी एकूण सामानाच्या काही टक्क्यांपुरतीच बर्ग्लरीची जबाबदारी घेते. सामान ८ लाखांचं आणि फर्स्ट लॉस २५ टक्के असेल तर सगळ्या चोरीला मिळून कमाल २ लाख. दोन, एका वस्तूसाठी मर्यादा किती? समजा ती सामानाच्या विमा रकमेच्या ५ टक्के आहे, तर ८ लाखांवर ४०,००० झाले. १,८५,००० ची सायकल गेली तरी हातात ४०,००० च येतील. उपाय एकच, सायकलची वेगळी नोंद आणि तिच्यासमोर तिची रक्कम.

दुसरी वाट : हाऊसहोल्डर्स पॅकेज पॉलिसी. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्यांच्या या जुन्या धाटणीच्या पॉलिसीत आग, बर्ग्लरी, दागिने, टीव्ही असे वेगवेगळे विभाग असतात आणि त्यांत ‘पेडल सायकल’ असा स्वतंत्र विभाग पूर्वीपासून आहे. मौल्यवान सायकलसाठी आमचा पहिला कौल याला. चोरीबरोबर आग, अपघाताने झालेलं नुकसान आणि सायकलमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची मर्यादित जबाबदारीही यात येते. हा विभाग ऐच्छिक असतो आणि एजंट आपणहून सुचवत नाही, कारण तो पडला साध्या सायकलींच्या जमान्यातला, त्याचा प्रीमियम किरकोळ. शाखेत जाऊन विभागाचं नाव घेऊन मागावा लागतो. दोन लाखांचा आकडा ऐकून शाखेतले लोक वरच्या कार्यालयाची मंजुरी मागतील. मागू द्या, पण मंजुरी लेखी घ्या.

या विभागातले अपवाद माहीत असू द्या. सुटे भाग किंवा अ‍ॅक्सेसरी चोरीला गेल्या तर त्या एकट्यांची भरपाई नसते, सायकलही सोबत गेलेली हवी. म्हणजे पार्किंगमधून नुसती चाकं काढून नेली, जे महागड्या सायकलींच्या बाबतीत हमखास होतं, तर दावा बसत नाही. टायर एकटा फाटला तरी नाही. शर्यतीत वापरताना आणि भाड्याने दिलेली असताना झालेलं नुकसान वगळलेलं असतं. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, ही शर्यत नव्हे, तिथे क्रमांक लावले जात नाहीत. तरीही तुम्ही लांब पल्ल्याच्या राइडना जात असाल तर ‘नॉन-कॉम्पिटिटिव्ह राइड चालेल’ असं एक वाक्य मेलवर घेऊन ठेवा.

तिसरी वाट : फक्त सायकलचा वेगळा विमा. काही खासगी कंपन्या तो देतात किंवा दुकानातून विक्रीच्या वेळी जोडून देतात. दुकानातून मिळणाऱ्यात विमा रक्कम कमी, मुदत एक वर्षाची आणि संरक्षण बहुधा अपघाताचं, असं मिश्रण आढळतं. पावतीवर ‘इन्शुरन्स’ छापलंय म्हणून खूश होऊ नका, त्यात ‘थेफ्ट’ आहे का बघा.

ई-सायकल असेल तर आणखी एक पायरी. मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेली, नियमांच्या इतर अटीही पाळणारी ई-सायकल कायद्याने मोटार वाहन नसते. तरीही ‘पेडल सायकल’ या शब्दात ती बसते की नाही हे कंपनीकडून वेगळं विचारून घ्या. बॅटरी काढून नेली तर काय, हेही.

किंमत किती लिहायची

पाच वर्षांपूर्वीच्या पावतीवरचा आकडा लिहू नका आणि मनातला आकडाही लिहू नका. तशीच सायकल आज घ्यायला किती पडेल, हा आकडा हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या कोटेशनवर अवलंबून न राहता दुकानदाराकडून त्याच किंवा समकक्ष मॉडेलचं ताजं कोटेशन लेटरहेडवर घ्या. नंतर बसवलेली चाकं, पॉवर मीटर, पेडल, सायकल कॉम्प्युटर यांची वेगळी यादी करा, प्रत्येकाची पावती जोडा आणि प्रत्येक ओळीसमोर रक्कम टाका.

मग भरपाईचा पाया विचारा : रिप्लेसमेंट व्हॅल्यू (तशीच नवी घेण्याची किंमत) की मार्केट व्हॅल्यू (त्यातून वापराचा घसारा वजा करून उरलेली किंमत)? फरक मोठा आहे. समजा आजची किंमत २,००,००० आहे, सायकल तीन वर्षं जुनी आहे आणि घसारा वर्षाला १० टक्के धरला आहे. मार्केट व्हॅल्यूने १,४०,००० राहिले. त्यातून ५ टक्के वजावट, म्हणजे दाव्यातला तुम्ही स्वतः सोसायचा भाग, गेली की १,३३,०००. रिप्लेसमेंट व्हॅल्यूने याच वजावटीनंतर १,९०,००० मिळाले असते.

त्यावर ‘अ‍ॅव्हरेज क्लॉज’, म्हणजे कमी रकमेचा विमा काढल्यास भरपाई त्याच प्रमाणात कापण्याची अट, बसू शकतो. घरातलं सामान खरं तर १२ लाखांचं आहे आणि प्रीमियम वाचवायला तुम्ही ८ लाख लिहिलंत, तर कंपनी म्हणते की एक तृतीयांश जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेवली होती. मग १,४०,००० चे आधी ९३,३३३ होतात आणि वजावट त्यातून जाते. भारत गृह रक्षात कमी विम्याची ही कात्री माफ आहे, पण सोबत घेतलेल्या बर्ग्लरी जोडविम्यात ती माफ असेलच असं नाही. विचारायच्या प्रश्नांत हा प्रश्न हवाच.

पैसे भरण्याआधी पाठवायचा मेल

फोनवर मिळालेल्या ‘हो’ला काही किंमत नाही. कंपनीच्या अधिकृत मेलवर, एजंटला प्रत ठेवून, हा मजकूर पाठवा. मराठीत इथे देतो आहोत, पाठवताना हिंदीत किंवा इंग्रजीत पाठवा :

“माझ्याकडे अमुक कंपनीची अमुक मॉडेलची पेडल सायकल आहे, फ्रेम नंबर अमुक, आजची किंमत १,८५,००० रुपये, कोटेशन सोबत जोडले आहे. ती दिवसा फ्लॅटमध्ये असते आणि रात्री मल्टीच्या तळमजल्यावर माझ्या पार्किंगमध्ये, जमिनीत बसवलेल्या हुकाला कुलपाने बांधलेली असते. दोन्ही जागांचे फोटो जोडले आहेत. कृपया कळवावे : पार्किंगमधून कुलूप तोडून चोरी झाल्यास ती पॉलिसीच्या कोणत्या विभागात येईल? बळजबरीची खूण नसलेली चोरी येईल का? एका वस्तूची मर्यादा किती आणि ही सायकल परिशिष्टात वेगळी नोंदली जाईल का? भरपाई रिप्लेसमेंट व्हॅल्यूने की मार्केट व्हॅल्यूने, आणि घसाऱ्याचा दर काय? अ‍ॅव्हरेज क्लॉज लागू आहे का? कुलपाबाबत काही अट आहे का? घर किती दिवस सलग बंद राहिल्यास संरक्षण थांबते? सायकल घराबाहेर असताना संरक्षण आहे का?”

घर बंद राहण्याचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. अनेक पॉलिसींत सलग ३० दिवसांहून जास्त घर रिकामं राहिलं तर बर्ग्लरीचं संरक्षण थांबतं, कुठे मुदत याहूनही कमी असते. उन्हाळ्यात महिना-सव्वा महिना पुण्याला किंवा मुलांकडे जाणारी घरं इथे बरोबर सापडतात. जाण्याआधी कंपनीला कळवलं तर पुष्कळदा मुदत वाढवून मिळते.

उत्तर आलं की ते पॉलिसीसोबत जपून ठेवा. पॉलिसी हाती आल्यावर परिशिष्टात सायकल, फ्रेम नंबर आणि रक्कम छापली आहे का ते त्याच दिवशी बघा. नसेल तर एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली लेखी दुरुस्ती, मागा. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार व्यक्तिगत (रिटेल) ग्राहकाला पॉलिसी कधीही, कारण न देता रद्द करता येते. एक वर्षाच्या पॉलिसीत दावा केलेला नसेल तर उरलेल्या काळाचा प्रीमियम परत मिळतो. कंपनी एन्डॉर्समेंट देत नसेल तर हा हक्क वापरा.

प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो, दोन कोटेशनची तुलना करताना दोन्ही करासह आहेत का तेवढं पाहा.

कागद आणि फोटो

सायकल उलटी करा. पेडल जिथे फ्रेमला जोडलेली असतात त्या बॉटम ब्रॅकेटच्या खाली बहुधा फ्रेम नंबर कोरलेला असतो, काही सायकलींवर हेड ट्यूबवर (हँडलखालची नळी) किंवा सीट ट्यूबच्या (सीटखालची नळी) तळाशी. मळ साचून अक्षरं बुजलेली असतात. ओल्या फडक्याने पुसा, तिरका टॉर्च धरा म्हणजे अंक उठून दिसतात, आणि जवळून फोटो काढा. ८ आणि बी, ० आणि ओ यांत गफलत होते, म्हणून नंबर दोनदा तपासून लिहा. पावतीवर हाच नंबर आहे का बघा, नसेल तर दुकानदाराकडून शिक्क्यासह लिहून घ्या.

मग पूर्ण सायकलचे दोन्ही बाजूंचे फोटो, ओरखडे-खुणांचे जवळून फोटो, आणि घरातल्या नेहमीच्या जागी उभी असताना एक फोटो. या शेवटच्या फोटोवरून सायकल तुमच्या ताब्यात, त्याच पत्त्यावर होती हे दिसतं.

पावती मुलाच्या नावावर आणि पॉलिसी वडिलांच्या नावावर असेल तर ‘सोबत राहणारे कुटुंबीय’ पॉलिसीत धरले आहेत का ते पाहा. जुनी सायकल विकत घेतली असेल तर विकणाऱ्याकडून फ्रेम नंबर, रक्कम आणि सही असलेली विक्रीची चिठ्ठी आणि मूळ पावती घ्या, पैसे बँकेतून द्या. रोखीने, चिठ्ठीविना घेतलेल्या सायकलचा विमा निघतो, पण दाव्याच्या वेळी मालकी सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

कुलूप

कुलपाची अट पॉलिसीत असो-नसो, तुटलेलं कुलूप हाच बळजबरीचा पुरावा ठरतो. बारीक केबलचं कुलूप साध्या कटरने एका झटक्यात तुटतं. कडक पोलादाचं यू-लॉक किंवा १० मिलिमीटर आणि त्याहून जाड कडीची साखळी घ्या. यू-लॉक मागच्या चाकातून आणि फ्रेममधून एकत्र गेलं पाहिजे. फक्त चाकात अडकवलं तर चाक तिथेच राहतं आणि सायकल जाते. पार्किंगमध्ये हुक बसवायचा तर काँक्रीटच्या खांबात किंवा फरशीखालच्या काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने बसवा. विटांच्या पडदीत तो हिसक्याने निघतो, आणि रेलिंगच्या पाइपाचे स्क्रू बहुतेक वेळा हातानेही सुटतात. कुलपाची पावती ठेवा, दोन्ही किल्ल्या सांभाळा. कंपनी दोन्ही मागू शकते.

चोरी झाली तर

आवरू नका. तुटलेलं कुलूप, वाकलेली कडी, पडलेला भुसा जिथे आहे तिथे राहू द्या आणि फोटो काढा. ११२ वर फोन करा. त्याच दिवशी विमा कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर आणि मेलवर कळवा, दाव्याचा क्रमांक घ्या. मल्टीतल्या आणि समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज लगेच कॉपी करून घ्या, घरगुती डीव्हीआर काही दिवसांत जुन्यावर नवं चढवतात.

नंतर थान्यावर, म्हणजे पोलिस ठाण्यात. नुसता अर्ज देऊन शिक्का मारून घेण्यावर समाधान मानू नका, विमा कंपनीला एफआयआर लागतो. मध्य प्रदेश पोलिसांची २०२१ मध्ये सुरू झालेली ई-एफआयआरची सोय १ लाखापर्यंतच्या साध्या चोरीसाठी आहे. महाग सायकल आणि फोडलेलं घर त्यात बसत नाही, तेव्हा पावती, कोटेशन आणि फ्रेम नंबरचा फोटो घेऊन स्वतः जा. किंमत पावतीप्रमाणेच लिहून घ्या. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत, आणि ‘सायकलच ना’ म्हणून कुणी अंदाजे आकडा टाकला तर सगळंच बिघडतं.

सही करण्याआधी कलमं वाचा. घर किंवा आवार फोडून चोरी झाली असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३३१ आणि राहत्या घरातल्या चोरीचं कलम ३०५ अपेक्षित आहे. रात्रीच्या घटनेला सहसा ३३१(४) लागतं. नुसतं ३०३(२) लिहिलं असेल तर ती साधी चोरी झाली, आणि तुमची पॉलिसी फक्त बर्ग्लरीची असेल तर दावा तिथेच अडकतो. कुलूप तुटलेलं असेल तर कोणतं, कुठलं, कसं तुटलं हे वर्णनात आलंच पाहिजे. मात्र जे घडलं नाही ते लिहवू नका. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, जागा बघायला येतो, आणि खोटी माहिती सापडली की पूर्ण दावा जातो.

एफआयआरची प्रत फुकट मिळण्याचा तुमचा हक्क आहे. नोंद घ्यायला नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली लेखी तक्रार वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्याकडे डाकेनेही पाठवता येते.

कंपनीला कळवायला दोन-चार दिवस उशीर झाला तर लगेच हताश होऊ नका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वाहनचोरीच्या प्रकरणात म्हटलं की पोलिसांत ताबडतोब नोंद केलेली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही. निकाल वाहनांचा आहे, पण घराच्या विम्यातही वाद घालताना उपयोगी पडतो.

खात्मा आणि खारजी

सायकल सापडली नाही तर काही महिन्यांनी पोलिस तपास बंद करतात. इथल्या पोलिसी भाषेत त्याला खात्मा म्हणतात, आणि विमा कंपनी अंतिम पैसे देण्याआधी तोच अहवाल मागते. विवेचकाला, म्हणजे तपास अधिकाऱ्याला, भेटून अहवाल न्यायालयात कधी जातोय ते विचारत राहा, नाहीतर फाइल पडून राहते. अहवालाचा प्रकार पाहायला विसरू नका. खात्मा म्हणजे गुन्हा झाला पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, तर खारजी म्हणजे गुन्हाच घडला नाही किंवा तक्रार खोटी होती. खारजीचा अहवाल गेला तर न्यायालयात हरकत घ्यावीच लागेल, त्याशिवाय दावा उभा राहत नाही.

पैसे देताना कंपनी एका हमीपत्रावर सही घेते : पुढे सायकल सापडली तर तिच्यावर कंपनीचा हक्क. दावा मंजूर होण्याआधीच सापडली तर न्यायालयातून सुपुर्दगीवर, म्हणजे तात्पुरत्या ताब्यात, ती तुम्हाला मिळते. तेव्हा कंपनीला लगेच कळवा, आणि झालेल्या मोडतोडीचा दावा त्याच क्रमांकावर चालू ठेवा.

दावा नाकारला तर

नकार लेखी आणि पॉलिसीतल्या कलमासह मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा, सोबत पॉलिसी घेण्याआधीचा तो मेल जोडा. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही नोंद करता येते, फोन १५५२५५. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातले वाद सोडवणारे अधिकारी. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे इंदूरमध्येच तक्रार करता येते. मात्र ग्राहक आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल ते घेत नाहीत, त्यामुळे आधी भोपाळला अर्ज आणि तिथे समाधान झालं नाही तर ग्राहक आयोग, हा क्रम ठेवा आणि दोन वर्षांची तारीख पहिल्याच दिवशी फाइलवर लिहून ठेवा.